रस्त्याकडचं दार

त्या मंगळवारी सकाळी बाबांनी ओटीवरच्या कोब्याचा शेवटचा पट्टा घातला, थापी बादलीत टाकली आणि मला बजावलं, "शुक्रवारपर्यंत ओटीवर पाय ठेवायचा नाय. मांजर आली तरी हाकल."

"आणि माणूस आला तर?"

"माणसाला सांगून कळतं. म्हणून तर मांजरीचं सांगितलं."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले, ओल्या सिमेंटकडे मान तिरपी करून एकदा बघितलं, आणि आम्ही दोघं विहिरीला वळसा घालून परसदाराने घरात आलो. चहा झाला. चहात रेतीचा कण होताच. गणपती गेल्यावर काम सुरू झालं, तेव्हापासून आमच्या घरात दाताखाली न कचकचणारं असं काही शिजलं नव्हतं.

पाम गावातलं हे घर बाबांनी स्वतः बांधलेलं, लग्नाच्या वर्षी. तेव्हा ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर म्हणून नुकतेच लागले होते. आठवडाभर तिथली यंत्रं आणि सुट्टीला इथल्या भिंती. रेती आणली खाडीवरून. ती धुवून घ्यायची असते हे त्या वयात त्यांना कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही. ते मीठ भिंतीतच राहिलं. दर पावसाळ्यानंतर गिलाव्याला लोणा फुटायचा, पांढरी भुकटी आणि पापुद्रे. आई केरसुणीने भिंती झाडायची आणि म्हणायची, "या घरात आमटीला मीठ नाय घातलं तरी चालेल." आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाबा निवृत्त झाले, वाडीतल्या चिकूंच्या मागे लागले, भिंती तशाच राहिल्या. यंदा जूनमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी ते बराच वेळ पलंगावर बसून समोर बघत होते. मला वाटलं, नीट दिसत नाहीये.

"काय झालं, बाबा?"

"ह्या भिंती अशाच होत्या?" ते म्हणाले.

त्या ऑपरेशनसाठी मी डोंबिवलीहून आले होते. आठवड्यासाठी.

गवंडी लावायला ते तयार नव्हते. माझी चूक हाय, मीच काढणार, एवढंच म्हणायचे. शैलेश, माझा धाकटा भाऊ, बोईसरला फ्लॅटमध्ये राहतो. काम होईपर्यंत दोघं आमच्याकडे या, असं त्याने आणि दीपिकाने मनापासून सांगितलं. बाबा नको म्हणाले. त्यामुळे आम्ही घरातल्या घरातच घर हलवत राहिलो. माजघराचा गिलावा काढायचा तर बिऱ्हाड कडेच्या खोलीत, कडेच्या खोलीची पाळी आली की सगळं स्वयंपाकघरात. पलंगाखाली भांडी, भांड्यांत खिळे. मी प्रकाशकांची मुद्रितं तपासून देते. त्या महिन्यांत मी परत पाठवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कागदांत आमच्या भिंतीची थोडी धूळ गेली असणार. दुपारी विहिरीवर बसून मी रेती धुवायचे. घमेल्यात पाणी घ्यायचं, ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी. बाबा चिमूटभर रेती जिभेच्या टोकावर ठेवून बघायचे आणि थुंकून म्हणायचे, "अजून एकदा."

माझ्या नवऱ्याबद्दल, प्रफुल्लबद्दल, सांगण्यासारखं फार काही नाही, आणि अडचण तीच होती. तो पीत नाही, ओरडत नाही. तो खोलीत डोकवायचा आणि दिवा बंद करून निघून जायचा, मी आत वाचत बसलेली असताना. मुद्दाम नाही. मी तिथे आहे हे त्याच्या लक्षातच यायचं नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी हसले होते. पुढे पुढे मी उठून दिवा लावणंही सोडलं, काळोखात तशीच पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. याला गावात सांगायला शब्द नसतो. मारतो का? नाही. मग?

बाबांनी मला काही विचारलं नाही. आठवड्याचा महिना झाला, पाऊस सरला, कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी करारावरची नोकरी तिकडे आपोआप संपली, बॅग मात्र मी उघडून रिकामी केली नव्हती. कपडे तिच्यातूनच काढायचे, तिच्यातच ठेवायचे. ती बॅग बिऱ्हाडाबरोबर खोल्या बदलत होती आणि प्रत्येक वेळी ती बाबाच उचलत होते. एके दिवशी त्यांनी कडेच्या खोलीची रस्त्याकडची भिंत फोडली. कशासाठी, ते बोलले नाहीत. त्यानंतर प्रश्न सुरू झाले.

"बटण वर घेऊ का खाली? टेबल ठेवायचं असेल तर वर. पाव्हण्यापुरता पलंग असेल तर खाली चालेल."

"पंखा मधे टांगू का कोपऱ्यात? कोणी लिहीत बसणार असेल तर कोपऱ्यात बरा, कागद उडत नायत."

कानावर पेन्सिल ठेवून ते उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मी म्हणायचे, "बघू." मग ते भिंतीवर दोन्हीकडे खुणा करून दुसऱ्या कामाला लागायचे. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत. माणसं एक बोलतात आणि दुसरं विचारतात एवढं मला समजतं. पण मी इथे राहणार का, याचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की ते शैलेशला सांगावं लागणार होतं, आत्याला, प्रफुल्लला, आणि आधी मला स्वतःला. म्हणून बघू.

मंगळवारी दुपारी चौकट ओळंब्यात घ्यायची होती. वाडीतला एक फणस मागच्या वादळात पडला होता, त्याच्या लाकडाची चौकट. आदल्या दिवशी शेजारच्यांच्या मदतीने ती भिंतीच्या फटीत उभी केली होती, पाचरी ठोकल्या होत्या, आणि ती हलू नये म्हणून बाबांनी आडव्या फळ्या मारल्या होत्या. सिमेंटने पक्की होईपर्यंत तिच्यातून जायचं नाही, असा हुकूम होता. मी स्टुलावर उभी राहून ओळंब्याची दोरी धरली होती आणि बाबा खाली बसून एका पाचरीला हळूच ठोकत होते, तेवढ्यात समोरून नर्मदाआत्या आली. बाबांची धाकटी बहीण. समोरच्याच घरात एकटी राहते, आणि आमच्याकडे काय चाललंय ते आमच्याआधी तिला कळतं.

"दादा, हे काय?"

"चौकट."

"ती दिसते मला. मोतीबिंदू तुला झालेला. रस्त्याकडं दुसरं दार कशाला? वाटणी केलीस काय पोरांची?"

आमच्याकडे रस्त्यावर उघडणारं दुसरं दार म्हणजे दुसरी चूल. दोन भाऊ वेगळे झाले की आधी दार फुटतं, मग सातबारा. परसदार कितीही असोत, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

"ह्या खोलीत वारा येत नाय," बाबा म्हणाले.

"वाऱ्याला खिडकी पुरते."

"मोठा वारा हाय."

आत्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "स्वाती, तू सांग गो. तुझा बाप बायकांना सरळ उत्तर देत नाय."

"मला काय माहीत, आत्या. मी दोरी धरलीय फक्त."

"धर. नवऱ्याचं घर टाकून बापाची दोरी धर."

"नर्मदा," बाबा म्हणाले, मान न उचलता, "बाजूला हो. दोरी हलते."

आत्या बाजूला झाली. पण गेली नाही. पदराने कपाळ पुसत म्हणाली, "नारळ तरी फोडलास का? कोऱ्या दारातनं आधी पेटलेला दिवा आत जायला पायजे. तुमचं आपलं यंत्रासारखं, ठोकलं की झालं."

"पक्की होऊ दे. मग तूच ये दिवा घेऊन."

"मी कशाला? सवाष्ण बघ."

बाबांनी पाचरीवर एक ठोका दिला, ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबले, आणि मला उतरायला हात दिला. त्यांचा तळवा सिमेंटने खरखरीत झाला होता. आत्या जाताना म्हणाली, "चौकट मात्र सरळ हाय हां," आणि मला वाटतं त्या दिवसातली ती त्यांना मिळालेली एकमेव शाबासकी असेल.

संध्याकाळी सातपाटीचे ओले बोंबील केले होते. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही जेवलो. बाबा म्हणाले, "कडेच्या खोलीतला कोनाडा उद्या बंद करायचाय. का फडताळ घेऊ पुस्तकांना? भिंतीत घेतलेलं फडताळ मग हलत नाय, ते ध्यानात ठेव."

"बघू, बाबा."

"बघ," ते म्हणाले, आणि अजून एक भाकरी घेतली.

बुधवारी सकाळी ते विहिरीवर रेती धूत होते. मी आत मुद्रितं घेऊन बसले होते. घमेलं दगडावर घासल्याचा आवाज येत होता, पाणी ओतल्याचा येत होता. मग तो थांबला. रेती चाखत असतील असं मला वाटलं. मी पान संपवलं, खाली माझी सही केली, आणि मग बाहेर गेले. ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. एक हात घमेल्यात, मनगटापर्यंत रेतीत. चेहऱ्यावर काही नव्हतं. ओठांवर रेतीचे दोन-तीन कण होते, ते मी पुसले.

बोईसरला जाताना रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर रिक्षापाशीच आले, वाकून बघितलं, आणि मला म्हणाले, तुमच्याबरोबर अजून कोणी आहे का? शैलेश कंपनीच्या गणवेशातच धावत आला. त्याने बाबांच्या पायाचा अंगठा धरला आणि तो सोडेना.

दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं. परसदाराने आत नेलं, आणि कडेच्या खोलीत ठेवलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. माजघरात सिमेंटच्या गोण्या आणि कपाटं होती. भिंतीला निम्मा गिलावा, वर तारा लोंबणाऱ्या, खाली बाबा. आत्या त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या केसांतलं सिमेंट नखाने काढत होती, एकेक कण. रडत नव्हती. "आंघोळ घातली तरी हे जात नाय," एवढंच म्हणाली.

तिरडी बांधून झाली तेव्हा प्रश्न आला, न्यायचं कुठून. विहिरीकडच्या बोळात चौघांना वळता येत नव्हतं, आणि कोणीतरी म्हणालंही, घरच्या धन्याला परसदाराने नेत नाहीत. राहिली ओटी. पुढचं दार उघडलं. ओल्या पोत्यांखाली कालचा कोबा होता. पुढे आलेल्या एकाने चप्पल काढून पोतं बाजूला सारलं.

"तिथे पाय ठेवायचा नाही," मी म्हणाले.

"ताई, न्यायचं तर पायजेच ना," दुसरा समजुतीने म्हणाला. "फळ्या टाकू."

"शुक्रवारपर्यंत नाही. बाबांनी सांगितलंय."

माझा आवाज फार मोठा झाला नव्हता. पण सगळे थांबले. शैलेशने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. मला डोळ्यांसमोर फक्त ते आठ पाय दिसत होते, त्या गुळगुळीत करड्या पट्ट्यावर. कालच तर त्यांनी गुडघ्यावर बसून त्यावरून थापी फिरवली होती.

"मग कुठनं?" शैलेशने विचारलं.

"इकडून," मी म्हणाले. "ह्या दाराने."

त्याने हातोडीने आडव्या फळ्या काढल्या. पाचरींवरची चौकट जराशी कुरकुरली, पण हलली नाही. बाबांना त्यातून बाहेर नेलं. कोणाचा खांदाही घासला नाही. त्यांनी उंची-रुंदी व्यवस्थित घेतली होती. आत्याने तेवढ्यात हात पुढे केला होता, थांबा म्हणायला. नंतर तिने तो कपाळाला लावला. ते बोलून दाखवायला तिने तिसऱ्या दिवसापर्यंत धीर धरला.

"कोऱ्या दारातनं आधी मढं गेलं गो. दिवा गेला नाय, बाई-माणूस गेलं नाय, आधी दादा गेला. ते दार आता भरून टाका. ते आता घराचं नाय."

मी ओटीवर पाणी मारत होते. दारात उभं राहून, तांब्याने, पोत्यांवर. सुतकात कामाला हात लावायचा नसतो असं ती आधीच सांगून चुकली होती आणि मी सांगितलं होतं की हे काम नाही, पाणी आहे. शुक्रवार गेला तरी मी पाणी घालत राहिले. पोती वाळलेली मला बघवत नसत. सकाळी उठल्याबरोबर पहिलं ते करायचे, दात घासायच्याही आधी. पुढच्या दारातून अजून कोणी ये-जा करत नव्हतं. भेटायला येणारी माणसं विहिरीकडून येत, आणि कडेच्या खोलीतल्या त्या उघड्या चौकटीसमोरून जाताना दुसरीकडे बघत. शैलेशने तिला एक प्लास्टिकचा कागद लावून ठेवला होता. वारा आला की तो फुगायचा आणि बसायचा. वारा खरंच भरपूर यायचा.

दहावं खाडीवर झालं. प्रफुल्ल त्या दिवशी आला. पांढरा शर्ट घालून आला होता, सगळ्यांशी नीट बोलला, शैलेशच्या खांद्यावर हात ठेवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेराव्यानंतर येतेस ना? गॅसचा नंबर तुझ्या मोबाइलवर आहे, सिलिंडरचा नंबर लावता येत नाहीये." मी त्याला तिथेच नंबर लावून दिला. तो थँक्यू म्हणाला. आत्या दुरून बघत होती. तिला वाटलं आमचं निघण्याचं ठरतंय, आणि तिच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. मी त्याबद्दल तिला दोष देत नाही. तिची भाची आपल्या घरी गेली असती, भाऊ तर गेलाच होता, आणि समोरच्या घराचं एकच दार उरलं असतं, कुलूप लावलेलं. तिला कळेल असं काहीतरी झालं असतं.

तेरावं झालं. पुढचा रविवार उजाडला. शैलेश सकाळीच आला, एकटाच, जुना शर्ट घालून. वाडीच्या कडेला बाबांनी रचून ठेवलेल्या विटा त्याने कडेच्या खोलीत आणून टाकल्या, पत्र्यावर सिमेंट आणि रेती कालवायला घेतली. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो घामाघूम झाला होता. तो हिशेबनिसाच्या टेबलावर बसतो. बाबांची हत्यारं त्याच्या हातात कशीशीच दिसत होती.

"आज हे बुजवून टाकतो, ताई."

"तू स्वतः?"

"मग काय गवंडी बोलवू? बाबा वर बसून शिव्या देतील." तो हसला आणि लगेच हसणं बंद केलं. "आत्या रोज फोन करते. झोपत नाय म्हणते. समोर ते भोक दिसत राहतं."

"तुला पटतं ते?"

"नाय पटत." त्याने फावडं उभं केलं, त्याच्यावर हात ठेवला. "पण लोक विचारतात ताई. वाटणी झाली काय, तुमचं काय बिनसलं काय. दहाव्याला पण विचारलं एकाने, खाडीवर. मी काय सांगणार? बाबांनी मला एका शब्दानं सांगितलं नाय, दार कशाला ते. तुला सांगितलं?"

"नाही."

"बघ. मग कोणासाठी ठेवायचं? तू गेलीस की घराला कुलूप. मी आठवड्यातनं एकदा येऊन बघणार. रस्त्यावरचं एक दार सांभाळायचं का दोन?"

मी पत्र्यावरच्या ढिगाकडे बघत होते. "रेती धुतली नाहीस," मी म्हणाले.

"एवढ्याश्या भिंतीला?"

"लोणा येईल."

तो त्या ढिगाकडे बघत राहिला. मग खाली बसला, विटांवर, आणि चहा तसाच बाजूला ठेवला. कागद फुगला आणि बसला.

"ताई, त्या दिवशी ओटी टिकली असती."

"म्हणजे?"

"एक दिवस झाला होता ना घालून. फळ्या टाकल्या असत्या तर माणसं चालली असती. काय झालं नसतं. मी कंपनीत बघतो की, दुसऱ्या दिवशी लोक फिरतात त्याच्यावरनं. बाबांचं आपलं, दोन दिवस सांगायचं तिथं चार सांगायचे."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबांनी सांगितलंय म्हणालीस ना तू." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मला वाटलं, आता ह्यापुढं ते काय सांगणार आहेत. हे शेवटचं सांगितलंय तर ऐकूया."

एका न तुटणाऱ्या फरशीसाठी मी त्यांना त्यांच्याच दारातून बाहेर पाठवलं होतं, आणि त्यामुळे ते दार आता जाणार होतं. ते त्यांनी का फोडलं, ते या घरात एकट्या मला माहीत होतं. रोज ओटीच्या दारात आत्याने, ओटीवर टेकायला येणाऱ्या प्रत्येक माणसाने, मला कधी निघणार असं विचारू नये. कोणाला न विचारता यावं, कोणाला न सांगता जावं, दिवा हवा तेव्हा लावावा. बस, एवढंच. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण सांगायला त्यांनी काही ठेवलंही नव्हतं.

शैलेश उठला. हातोडी घेऊन चौकटीपाशी गेला. कागद काढला तेव्हा समोर आत्या तिच्या दारात उभी दिसली, हात बांधून. त्याने वरच्या पाचरीवर ठोका दिला. पाचर सैल झाली, चौकट वरच्या बाजूने बोटभर कलली.

"थांब," मी म्हणाले.

"काय?"

"थांब जरा."

त्याने हातोडी खाली केली. चिडला नव्हता, थकला होता, आणि त्याच्या कपाळावर सिमेंट लागलं होतं. "ताई, एक सांग मला. सरळ सांग. इथं कोण राहणार हाय? कोणी राहणार असेल तर राहू दे दार. मी आत्याला सांगतो, मी लोकांना सांगतो, त्यांना काय बोलायचं ते बोलू दे. पण कोणी राहणारच नसेल तर मला हे आज करू दे. मला परत परत यायला जमत नाय इथं. ते विहिरीवर बसलेले दिसतात."

त्याला उत्तर द्यायला हवं होतं. तो माझा भाऊ होता आणि त्याने नीट विचारलं होतं. पण हे पहिल्यांदा त्याने विचारलेलं नव्हतं. ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर न देता ते दुसऱ्या कोणाला देणं मला शक्य नव्हतं, आणि ते तर आता कुठेच नव्हते, ना खोलीत, ना विहिरीवर, ना त्या भिंतीपलीकडे. मी चौकटीकडे गेले. ती कलली होती तिथे वर हात लावून तिला आधार दिला, आणि आत्या बघत होती, शैलेश बघत होता, तरी त्यांच्यापैकी कोणाकडेच न बघता मी मोठ्याने बोलले.

"बाबा, मी डोंबिवलीला परत जाणार नाही. मला इथं राहायचंय, या खोलीत. तुम्ही विचारत होता ते मला कळत होतं, बाबा. रोज कळत होतं."